सप्रेम भेट आणि पाच तारे

"अगं, मी लिहिलेलं सगळं पुसून टाकलंय त्यांनी," आत्या फोनवर म्हणाली. मग जरा थांबून, आवाज खाली आणून तिने विचारलं, "मी काय वाईट लिहिलं होतं गं?"

आत्या साताऱ्याला असते. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. दुपारची झोप तिला पहिल्यापासून माहीत नाही. चहा झाला की चष्मा लावायचा, फोन पाटावर टेकवायचा आणि एका बोटाने, एकेक जोडाक्षर शोधत, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहायचं. पुस्तकं विकणाऱ्या एका संकेतस्थळावर ती सात-आठ वर्षं असं लिहीत होती. तिचे अभिप्राय मला फार आवडायचे, कारण त्यांत कुठेच समीक्षेचा आव नव्हता. "टाइप मोठा आहे, साठी ओलांडलेल्यांना सोपं जाईल." "पहिली चाळीस पानं नेटाने वाचा, मग पुस्तक आपणहून हात धरतं." एका आत्मचरित्राबद्दल तिने लिहिलं होतं की सासूबद्दल इतकं लिहिलंय पण नवऱ्याबद्दल काहीच नाही, तिथेच खरं पुस्तक लपलेलं आहे. हे वाक्य मी कितीतरी जणींना वाचून दाखवलं होतं. आणि आता ते कुठेच नव्हतं. इंग्रजीतली दोन ओळींची मेल होती फक्त: तुमच्या खात्यावर संशयास्पद हालचाल दिसली, तुमचे अभिप्राय काढले आहेत, यापुढे तुम्हाला लिहिता येणार नाही.

शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईला, कारण न सांगता वर्गाबाहेर काढल्यासारखं झालं ते.

मी विचारत गेले तसं हळूहळू कळलं. आत्याचं एक छोटं वाचनमंडळ आहे. त्यातल्याच एका मैत्रिणीचा कथासंग्रह निघाला. सगळ्यांनी प्रती विकत घेतल्या, सगळ्यांनी मनापासून वाचल्या. पण बाकीच्या जणींना फोनवर मराठी टाइप करता येत नाही. मग एका रविवारी दुपारी आत्याच्या गच्चीवरच्या खोलीत सगळ्या जमल्या. आत्याच्या फोनवर एकेकीचं खातं उघडलं, ती सांगेल तसं आत्याने टाइप केलं, पाच तारे दिले, खातं बंद केलं, पुढची. लेखिका शेजारी बसून पोहे वाढत होती. आत्या हे मला सांगताना त्या दुपारच्या आठवणीने खुलली. कुणाचं कुठल्या कथेवरून वाजलं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, सगळं तिला आठवत होतं. त्या अभिप्रायांतला शब्द न् शब्द खरा होता, याबद्दल माझ्या मनात कणभर शंका नाही. पण दुरून काय दिसलं असेल? एकच फोन, एकच वायफाय, एकच दुपार, एकच पुस्तक, आणि ओळीने पाच-पाच तारे. भाडोत्री अभिप्राय लिहिणारे लोक अगदी असंच करतात.

म्हणूनच त्या मेलवर मला धड रागावताही येईना. या कुंपणामागे मोठा इतिहास आहे. २००४च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर काही तांत्रिक गडबड झाली आणि टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकांची खरी नावं उघडी पडली. तेव्हा दिसलं की काही लेखक स्वतःच स्वतःच्या पुस्तकांची तारीफ करत होते. पुढे हा धंदाच झाला. २०१५ साली ॲमेझॉनने पैसे घेऊन अभिप्राय लिहून देणाऱ्या हजारावर अनाम लोकांवर एकदम खटला भरला. पुढच्याच वर्षी फुकट वस्तू देऊन अभिप्राय लिहून घेण्यावर बंदी आली. पुस्तकांना मात्र तेव्हा सवलत ठेवली, कारण प्रकाशनाआधी प्रती वाटण्याची जगभर जुनी रीत आहे. प्रत फुकट द्या, पण बदल्यात अभिप्राय मागू नका, कसा लिहायचा ते सुचवू नका, एवढीच अट. इतक्या खोट्याच्या पुरात यंत्राने खऱ्या माणसाला हाताने चाचपून बघावं, अशी अपेक्षा कितीही न्याय्य असली तरी तसं घडत नाही. यंत्र आकृती बघतं. आणि त्या रविवारी गच्चीवर जी आकृती तयार झाली, ती लबाडीच्या आकृतीशी तंतोतंत जुळत होती.

त्यानंतर मी बऱ्याच संकेतस्थळांचे नियम बसून वाचले. आत्याचं संकेतस्थळ कुठलं होतं याला महत्त्व नाही, थोड्याफार फरकाने नियम बऱ्याच ठिकाणी असेच आहेत. एका फोनवरून अनेकांची खाती चालवू नयेत, एका घरातून एकाच पुस्तकावर अभिप्रायांची रांग लावू नये, ही साधी पथ्यं. पण एका कलमापाशी मी अडखळले ती अजून तिथेच आहे. नातेवाइकांनी आणि जवळच्या मित्रांनी लिहायचं नाही. लेखकाने दुसऱ्या लेखकाच्या पुस्तकावर लिहायला हरकत नाही, पण दोघांची व्यक्तिगत ओळख असेल तर नाही.

मराठीत हे कसं पाळायचं?

आपल्याकडचा प्रकाशनसमारंभ डोळ्यांपुढे आणा. व्यासपीठावर लेखक, प्रकाशक आणि ज्यांनी प्रस्तावना लिहिली तेच प्रमुख पाहुणे. पहिल्या दोन रांगांत घरचे. मागे ऑफिसातले, कट्ट्यावरचे, दिवाळी अंकांत बरोबर लिहिणारे. बाहेर टेबलावर सवलतीत पुस्तकं, आणि शेवटी सहीसाठी रांग: "सप्रेम भेट", "स्नेहपूर्वक", "ताईंना, तुमच्या अभिप्रायाच्या प्रतीक्षेत". कवितासंग्रहाचे पहिले शंभर वाचक बहुधा कवीच्या फोनमध्ये नावानिशी असतात. ही ऊब मला मनापासून प्रिय आहे, तिच्यावरच मराठी पुस्तकं तग धरून आहेत. एखादा माणूस पदरचे पैसे घालून पुस्तक काढतो आणि त्याच्या वर्गमित्रांनी ते विकत घेतलं, वाचलं, कौतुक केलं, यात वाईट काय आहे? काहीच नाही. पण तेच कौतुक दुकानाच्या पानावर अनोळखी वाचकाचं मत म्हणून उभं राहिलं, की परभणीत किंवा पणजीत बसून, खिशातले तीनशे रुपये कुठल्या पुस्तकावर घालावेत असा विचार करणाऱ्या माणसाची फसवणूक होते. त्याला काय माहीत की लिहिणाऱ्या सगळ्या एका खोलीत पोहे खात होत्या? मला आत्याचाही कळवळा येतो आणि त्या माणसाचाही. नियमांबद्दल विचार करताना माझं मन सतत या दोघांमध्ये हेलपाटे घालतं, आणि हळूहळू ते त्या अनोळखी माणसाकडे झुकत चाललंय.

खरं तर ओळख लपवू नये ही शिस्त आपल्याकडे नवी नाही. जुन्या मासिकांच्या शेवटच्या पानांवर "साभार पोच" असायची: अमुक पुस्तक, अमुक प्रकाशक, किंमत इतकी. म्हणजे ही पुस्तकं आम्हाला भेट आली आहेत, हे संपादक चारचौघांत सांगून मोकळे व्हायचे. परीक्षण पुढे यायचं किंवा यायचं नाही, पण प्रत कुठून आली यात गुपित नव्हतं. आज ग्राहक कायद्याच्या बाजूनेही तेच सांगितलं जातं. केंद्र सरकारने जानेवारी २०२३मध्ये समाजमाध्यमांवर शिफारशी करणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात पैशांबरोबरच फुकट मिळालेली वस्तू, भेट, कौटुंबिक किंवा व्यक्तिगत नातं हे सगळं उघड करण्याजोगं धरलं आहे. त्याआधी नोव्हेंबर २०२२मध्ये भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १९००० हे ऑनलाइन अभिप्रायांसाठीचं मानक आलं. ते ऐच्छिक आहे, पण त्यात अभिप्राय लिहिणाऱ्याची आणि ते छापणाऱ्याची, दोघांची जबाबदारी मांडलेली आहे. तेव्हापासून मी जिथे लिहायला परवानगी आहे तिथे पहिलीच ओळ अशी लिहिते: "हे पुस्तक मला प्रकाशकांनी वाचायला पाठवलं." वाक्य लिहायला दहा सेकंद लागतात. त्यानंतर पुस्तकाबद्दल चांगलं लिहितानाही हात मोकळा राहतो आणि वाईट लिहितानाही. लेखक जवळचा असेल तर दुकानाच्या पानावर मी लिहीतच नाही. स्वतःच्या ब्लॉगवर लिहिते, नातं सांगून.

आत्याच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत जायचो तेव्हा ती नगरवाचनालयाची पुस्तकं आणायची. कापडी बांधणी, कण्याला डिंकाचा आणि जुन्या कागदाचा मिसळलेला वास, पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा शिक्का: पुस्तकावर काही लिहू नये. आणि आत, पानापानाच्या समासात, शिसपेन्सिलीने लिहिलेलं. "अगदी खरे!" त्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात, "काय खरे? स्त्रिया अशा नसतात." नायिका मरते त्या पानावर कुणीतरी नुसती तारीख घातलेली. मला कथेपेक्षा त्या समासांचीच ओढ असायची. त्या माणसांना लेखक ओळखत नव्हता, प्रकाशक ओळखत नव्हता, त्यांना कुणी प्रत दिलेली नव्हती की काही मागितलेलं नव्हतं. ग्रंथपालाने खोडरबरने पुसलं तरी दाबून लिहिलेल्या पेन्सिलीचा व्रण कागदावर राहायचा. पान उजेडात तिरकं धरलं की वाचता यायचं. पडद्यावर मात्र पुसलेल्याचा व्रण राहत नाही.

म्हणून पहिली गोष्ट मी आत्याला, आणि नंतर भेटेल त्याला, सांगत आले ती ही की आपलं लिहिलेलं आपल्याकडे ठेवा. दुकानाच्या पानावरची जागा आपली नसते. आधी वहीत किंवा साध्या फाइलमध्ये लिहायचं, मग तिकडे चिकटवायचं. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर तर आपली सगळी यादी, अभिप्रायांसकट, एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे. संगणकावरून 'माय बुक्स'मध्ये गेलं की आयात-निर्यातीचा दुवा सापडतो. फार थोडे लोक तो वापरतात. आत्याच्या लिखाणातलं माझ्या हाती लागलं ते एवढंच, जे तिने कधीतरी मला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. बाकीचं गेलं. ते सासू-नवऱ्याचं वाक्यही मी वर आठवणीतून लिहिलंय, तिचे शब्द थोडे वेगळे असतील.

खाती जाण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे पुस्तक सोडून माणसावर घसरणं. मराठी माणूस चिडला की "याला आधी शुद्धलेखन शिकवा", "असल्यांना फटके द्यायला हवेत" असं सहज लिहून जातो. आपल्या बोलण्यात ते चालून जातं, पण लिहिल्यावर ती धमकी किंवा व्यक्तिगत हल्ला ठरते. गुडरीड्सने सप्टेंबर २०१३मध्ये धोरण बदललं आणि लेखकाच्या वागण्याबद्दल असलेले, पुस्तकाबद्दल नसलेले अभिप्राय काढून टाकले. तेव्हा वाचकांमध्ये मोठा क्षोभ झाला. लेखक वाईट वागला तर ते सांगायचंही नाही का, असा त्यांचा सवाल होता आणि तो अगदीच गैरलागू नव्हता. यावर सगळ्यात नेमकं उत्तर मला जिथे अपेक्षाच नव्हती तिथे सापडलं: १८६०च्या भारतीय दंड संहितेत. बदनामीच्या ४९९व्या कलमाला अपवाद आहेत, त्यातला सहावा लोकांपुढे मांडलेल्या कृतीच्या गुणदोषांबद्दलचा आहे. ज्याने पुस्तक छापलं त्याने ते लोकांच्या न्यायासनापुढे ठेवलं, असं कायदाच म्हणतो. पुढे उदाहरण आहे. अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे तो मनाचा दुबळा असला पाहिजे, असं कुणी सद्भावनेने म्हटलं तर ते चालतं, कारण लेखकाबद्दलचं मत पुस्तकात दिसतं तेवढ्यापुरतंच आहे. पण पुस्तक मूर्खपणाचं असणारच, कारण माणूसच दुबळा आणि बदफैली आहे, असं म्हटलं की संरक्षण संपलं. पुस्तकाकडून माणसाकडे जाणारी वाट खुली, माणसाकडून पुस्तकाकडे येणारी बंद. आता दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात हा अपवाद कायम आहे.

हे वाचलं तेव्हा मला विष्णुशास्त्री चिपळूणकर आठवले. १८७४ साली निघालेल्या त्यांच्या निबंधमालेने मराठी गद्याला धार दिली हे मी शाळेत शिकले, आणि ते खरंही आहे. पण जोतीराव फुल्यांच्या लेखनावर त्यांनी जे लिहिलं त्यात व्याकरणाची आणि लेखकाच्या विद्वत्तेची टवाळी इतकी आहे, की त्या पुस्तकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं राहूनच गेलं. लिहिणारा कोण, हे आधीच ठरवून वाचलं की असं होतं. दीडशे वर्षांनी फुल्यांचं लेखन ठिकठिकाणी वाचलं जातं आणि ती टवाळी अभ्यासक टिपेत नोंदवतात. माझ्या मते हा नियम खातं वाचवण्यासाठी आहे त्याहून जास्त आपलं वाचन वाचवण्यासाठी आहे.

बारीकसारीक गोष्टीही आहेतच. पुस्तक फाटकं आलं, खोका ओला होता, आठ दिवस उशीर झाला, म्हणून पुस्तकाला एक तारा देणं. ही तक्रार रास्त आहे, पण तिची जागा विक्रेत्याच्या खिडकीवर आहे. एखाद्या कादंबरीच्या नावाखाली कुरिअरवाल्याची निंदा वाचताना लेखकाला काय वाटत असेल! दुसरं, पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून जोडणं, किंवा "पीडीएफ हवी असेल तर या नंबरवर" असं लिहिणं. यावर खातं गेलं तर मी हळहळणार नाही. मराठीत हजाराची आवृत्ती खपायला वर्षं लागतात आणि पीडीएफ एका रात्रीत सगळ्या गटांत फिरते.

आणि झुंडीत सामील होणं. २०२३च्या जूनमध्ये एका नामवंत अमेरिकन लेखिकेने आपली नवी कादंबरी प्रसिद्ध होण्याआधीच मागे घेतली. कथानक रशियात घडतं, एवढ्याच कारणाने युक्रेनच्या बाजूच्या लोकांनी तिला गुडरीड्सवर शेकड्यांनी एक-एक तारा दिला होता. युद्धात होरपळलेल्या माणसांचा संताप मला समजतो. पण त्यांपैकी कुणीही पुस्तक वाचलेलं नव्हतं, वाचणं शक्यच नव्हतं. त्याच वर्षी गुडरीड्सने अशा अचानक उसळलेल्या गर्दीच्या वेळी त्या पुस्तकावरचे अभिप्राय तात्पुरते थांबवण्याची सोय केली. आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर हाक येते: अमक्या पुस्तकात आपल्या अमक्याचा अपमान आहे, जा आणि एक तारा द्या. खाली दुवा. अशा वेळी खातं जपायचं असेल तर काय करावं, यापेक्षा मला वाचक म्हणून जास्त बोचतं ते हे की त्या दुव्यावर बोट ठेवणाऱ्याला पुस्तक कधीच दिसत नाही.

आत्याने दाद मागितली. मी मेल लिहून दिली. त्या दुपारी काय झालं ते सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. उत्तर आलं ते ठरीव साच्यातलं, निर्णय कायम. मग ती म्हणाली, "तुझ्या काकांच्या नावाने नवं खातं काढू का?" मी नाही म्हटलं, जरा जोरातच. तोच पत्ता, तोच फोन, तेच कार्ड. तेही जाईल, काकांना त्यांची औषधंसुद्धा मागवता येणार नाहीत, आणि पहिल्या वेळी जे अनवधानाने झालं ते आता जाणूनबुजून होईल. ती गप्प झाली. बराच वेळ ताटल्या घासल्याचा आवाज येत राहिला. तिला वाईट वाटलं, मलाही. काही गोष्टी बरोबर असूनही बोलताना जिभेवर कडवट लागतात. आता ती वहीत लिहिते, आणि वाचनमंडळातल्या प्रत्येकीला आपापल्या फोनवर मराठी कळफलक बसवून द्यायचं काम तिने अंगावर घेतलंय. शिकवायला मिळालं की ती बरी असते.

याच सुमारास माझ्या ओळखीच्या एका तरुण कथाकाराचं पहिलं पुस्तक आलं. कुरिअरने प्रत, आत सही, आणि पाठोपाठ संदेश: "ताई, प्लीज दुकानाच्या पानावर पाच स्टार टाका, सगळ्यांना सांगतोय." मी त्याला फोन केला. म्हटलं, तुला मी ओळखते, तेव्हा तिथे लिहिणार नाही, आणि तू हा संदेश आणखी कुणाला पाठवू नकोस, तुझ्याच पुस्तकाचं पान अडचणीत येईल. त्याला ते लागलं. "मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? मोठ्या प्रकाशकांच्या जाहिराती येतात, आमचं कोण वाचणार?" त्याच्या प्रश्नातलं दुःख खरं होतं आणि माझ्याकडे त्यावर पुरेसं औषध नव्हतं. मला सुचलं तेवढं सांगितलं: मित्रांना वाटायच्या प्रती तालुक्याच्या वाचनालयांना पाठव, सोबत काही मागू नकोस. पुस्तक कसं वाटलं तेही विचारू नकोस.

बरेच महिने काही नाही. मग एक दिवस त्याने मला एका अभिप्रायाचा फोटो पाठवला. मराठवाड्यातल्या कुणा बाईंनी लिहिलेला, तीन तारे. भाषा छान आहे, बसस्टँडची कथा विसरता येत नाही, पण या पुस्तकातल्या सगळ्या बायका चहा ठेवायला आत का जातात आणि परत का येत नाहीत, असं त्यांनी विचारलं होतं. तो दुखावलाही होता आणि हरखलाही होता, दोन्ही एकदम. अनोळखी माणसाने आपलं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, याची त्याला ती पहिलीच खूण होती. "खाली उत्तर लिहू का? एका कथेत ती परत येते," त्याने विचारलं. मी नको म्हटलं. पुढच्या वेळी त्या बाईंनी मोकळेपणाने लिहावं असं वाटत असेल तर आज त्यांना एकटं सोड. तो जरा घुटमळला, आणि मग म्हणाला की दुसरं पुस्तक जवळजवळ लिहून झालंय, पण आता ते तो पहिल्यापासून वाचणार आहे.